मंगळवारची माणुसकी

बुधवारी सकाळी धैर्यशील टाइम ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. हातात हेल्मेट होतं. ते तो स्वतःच्या डोक्यात घालणार की आकाराम आण्णांच्या, याचा अंदाज येईना, म्हणून मी माझी खुर्ची जरा भिंतीकडे सरकवली.

“आण्णा, माइक चालू करा,” तो म्हणाला.

“कशाला रं?”

“सांगा सगळ्यास्नी. कालच्या गोष्टीतला गडी म्हंजे मी न्हवं. माझ्या घरात चूल पेटती. दोन्ही टायमाला पेटती. चालू करा म्हणतोय न्हवं!”

आण्णांनी माइकवर हात ठेवला. चालू करायला नव्हे, झाकायला. भांडण सुरू झालं की लहान पोराचे कान झाकतात, तसा.

आता हे प्रकरण कळायचं तर आधी आण्णा कळायला पाहिजेत.

आकाराम आण्णा बिद्रीकडचे. तरुणपणी तालमीत गेले, पण कुस्ती त्यांना लाभली नाही. त्यांच्याच शब्दांत, “माझ्या पाठीला मातीची लई ओढ.” कुस्ती नाही, पण तोंड लाभलं. जत्रेतल्या मैदानात माइक धरून निवेदन करायला लागले. या निवेदनाची एक रीत असते. पैलवान आखाड्यात यायच्या आधी त्याचं नाव घ्यायचं नाही. नुसतं वर्णन करायचं. छाती कशी, मांडी कशी, आईनं कुठल्या म्हशीचं दूध पाजलं, वस्तादानं कितीदा कानाखाली काढली. लोक माना उंच करून बघायला लागतात, आपसात पैजा लावतात, आणि सगळं मैदान टाचांवर उभं राहिलं की मग नाव. आण्णांचं नाव पंचक्रोशीत झालं ते लोकांना टाचांवर उभं करण्यामुळे.

पोटासाठी मात्र फौंड्री. एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत ते साचे भरायला लागले. पुढं धुळीनं दम लागायला लागला, तेव्हा मॅनेजरनं त्यांना टाइम ऑफिसात आणून बसवलं. समोर हजेरीचं यंत्र, बाजूला माइक. माझं टेबल त्याच खोलीत. मी डिस्पॅचची चलनं करतो आणि दिवसभर आण्णांचं ऐकतो. पगार फक्त पहिल्या कामाचा मिळतो.

गेल्या वर्षी एचआरला वर्षाराणी मॅडम आल्या. पुण्याला कुठल्यातरी शिबिरात त्यांना सांगितलं होतं की कामाच्या जागी चांगुलपणाच्या गोष्टी सांगितल्या की माणसं कंपनी सोडून जात नाहीत. आमच्याकडची माणसं सोडून जात नाहीत, कारण भट्टी सगळीकडे तेवढीच गरम असते. पण मॅडम नव्या होत्या. सोमवारची सुट्टी संपवून मंगळवारी माणसं आली, की सुरक्षेच्या शपथेनंतर एक गोष्ट सांगायची. उपक्रमाचं नाव ‘मंगळवारची माणुसकी’. पहिले काही मंगळवार मॅडमनी स्वतः कागदावरून वाचलं. ‘सहकाऱ्याप्रती संवेदनशीलता’ एवढे शब्द आले की शपथेला वर केलेले हात जांभईकडे वळायचे. शेवटी मॅडमनी माइक आण्णांपुढे सरकवला.

आणि मग कंपनी टाचांवर.

कुणी कुणाला रक्त दिलं, कुणी कुणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात पोचवलं, आण्णा असं सांगायचे की जणू शेवटच्या जोडीची कुस्ती लागली आहे. माइकवर नाव यावं म्हणून माणसं चांगली वागायला लागली. एकानं तर दुसऱ्याच्या गाडीची चावी स्वतःच लपवली आणि दुपारी शोधून दिली.

आण्णांचा नियम एकच. मदत करणाऱ्याचं नाव ठणकावून, घेणाऱ्याचं कधीच नाही. मॅडमनी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “देणाऱ्याची छाती फुगती, मॅडम. घेणाऱ्याची मान खाली जाती. आपण फुगवायला बसलोय, खाली घालायला न्हवं.”

तर अशा माणसाकडे गेल्या आठवड्यात एक साहेब आले. कुठले ते मी सांगणार नाही. आमच्याकडे स्वतःला साहेब म्हणवून घेणारे बारा-चौदा आहेत, बसा शोधत. त्यांनी आत येऊन दार लोटून घेतलं. रॅकच्या मागे मी जुनी चलनं उपसत बसलोय, हे दोघांनाही दिसलं नाही, आणि पहिलं वाक्य कानावर पडल्यावर बाहेर यायची माझी हिंमत झाली नाही.

साहेबांची बायको भांडून मुलांना घेऊन माहेरी गेली होती. बरेच दिवस झाले होते. साहेब गेटबाहेर वडापाव खाऊन दिवस काढायचे, आणि ते कोअर शॉपच्या, म्हणजे साच्यात घालायचे वाळूचे गाभे करणाऱ्या खात्यातल्या, रुद्राप्पानं पाहिलं. हा रुद्राप्पा निपाणीकडचा, मितभाषी. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पिशवीतून दोन डबे यायला लागले. एक त्याचा, एक साहेबांच्या खिडकीत. गंगव्वाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या हातची भाकरी आणि भरली वांगी. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी रिकामा डबा खिडकीत, तो उचलून रुद्राप्पा घरी.

“मी त्या माणसाला सगळ्यांसमोर झापलंय, आण्णा,” साहेब म्हणाले. “आणि तो माझ्यासाठी डबा आणतो. थँक्यू म्हणायला गेलो तर म्हणतो, साहेब, कोअरला चीर पडलीया का? त्याचं नाव झालं पाहिजे. माझं नको. कुणाला कळता कामा नये.”

“जोतिबाची आण,” आण्णा म्हणाले. “ह्या तोंडातनं तुमचं नाव जाणार न्हाय.”

आण घेतली ती आण्णांनी. मी काही घेतली नव्हती. तरी मी रॅकमागेच बसून राहिलो.

आणि मंगळवारी आण्णांनी ती गोष्ट सांगितली. रुद्राप्पाचं नाव असं घेतलं की कोअर शॉपात टाळ्या थांबेनात आणि रुद्राप्पा वाळूच्या ढिगामागे जाऊन उभा राहिला. पण साहेब ओळखू येऊ नयेत म्हणून आण्णांनी त्यांना वेगळे कपडे घातले. साहेब बारके, चष्म्यातले, पन्नाशीकडे झुकलेले, आमचे बहुतेक साहेब असतात तसे. आण्णांच्या गोष्टीत तो झाला ‘तरणाबांड गडी, छाती बघाल तर दरवाजा’. “पण मंडळी, त्या दरवाजाच्या घरची बाई गेली माहेराला, आणि चुलीत झोपलं मांजर!” मैदानातली सवय. वर्णन करत गेले, करत गेले, फक्त शेवटी नाव घेतलं नाही.

टाचांवर उभं केलेल्या माणसांना नाव दिलं नाही, तर ती आपलं आपण शोधतात.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत दरवाजा सापडला होता. धैर्यशील, मोल्डिंगचा. रोज पहाटे तालमीत जाणारा. रोज दुपारी रुद्राप्पाच्या डब्यात सगळ्यांदेखत हात घालून वांगं पळवणारा. आणि त्याची वहिनी आजऱ्याला माहेरी गेली होती, हे त्यानंच सगळ्यांना सांगितलेलं; कशाला गेली, ते कुणी विचारलं नव्हतं. आणखी काय पुरावा पाहिजे? धैर्यशीलचं लग्न झालेलं नाही, ही अडचण लोकांनी चहाच्या एका घोटाबरोबर गिळली. म्हणजे थोरली सून पळाली! आणि सून पळाली म्हणजे सासू कसली असंल?

इथवर चेष्टा होती. पण मशीन शॉपात जोतीराम काम करतो. त्याच्या बहिणीची मुलगी संयोगिता, शिरोळ तालुक्यातली. तिचं आणि धैर्यशीलचं जमलं होतं आणि येत्या रविवारी सुपारी फुटणार होती. चार वडीलधाऱ्यांसमोर सुपारी फुटली की सोयरीक पक्की, तोवर सगळं तोंडी. आणि आमच्या जिल्ह्यात मुलाची चौकशी मुलाच्या घरी करत नाहीत. ती न्हाव्याकडे, किराणा दुकानात आणि कंपनीच्या गेटवर करतात. इथं तर खुद्द कंपनीच्या माइकनंच साक्ष दिली होती.

जोतीराम शेडबाहेर गेला आणि त्यानं दाजींना फोन लावला. दाजी म्हणाले, रविवारचं थांबवा.

म्हणून धैर्यशील दारात.

“तुमी बोललासा का न्हाय, छाती दरवाजा?” तो म्हणाला.

“बोललो.”

“मग सांगा, ह्यो दरवाजा त्यो न्हवं म्हणून. दोन शब्द हायत!”

आण्णांनी माइकवरचा हात काढला नाही. “धैर्या, तुला न्हाय म्हटलं की उद्या लोक दुसरा धरतील. त्योबी दारात येऊन हुबा राहील. त्यालाबी न्हाय म्हणायचं. मग तिसरा. असं करत शेवटाला एकच उरंल. आणि जो उरंल, त्याला मी शबुद दिलाय.”

“त्याचं त्यो बघंल! माझं रविवारी हाय!”

“मला ठावं हाय.”

“काय ठावं हाय? पोरीनं काल रात्री मेसेज टाकलाय. ‘खरं काय ते सांगा, मी थांबते.’ मी काय सांगू? आमच्या कंपनीत एक म्हातारा हाय, त्याला गप बसता येत न्हाय?” मग हेल्मेट डोक्यात घालून म्हणाला, “आईला अजून काय कळलं न्हाय. तिला कळलं तर ती हितं येईल. मग माइक तिच्याच हातात असंल, ध्यानात ठेवा.”

तो गेला. मी आण्णांकडे बघितलं. मला नाव माहीत होतं. दोन अक्षरं बोललो असतो तर धैर्यशीलची सोयरीक वाचली असती. ती दोन अक्षरं दिवसभर माझ्या जिभेवर भट्टीतल्या निखाऱ्यासारखी होती आणि मी चलनांवर तारखा चुकवत होतो.

दुपारी आण्णा साहेबांकडे गेले. सही घ्यायच्या निमित्तानं मीही मागोमाग गेलो. काचेपलीकडे साहेब उभे राहून बोलत होते, आण्णा खुर्चीच्या पाठीला धरून ऐकत होते. दार अर्धवट उघडं होतं.

“शुक्रवारी सासरे येणार आहेत बोलायला,” साहेब म्हणत होते. “घरचं भांडण मी कंपनीच्या माइकवर नेलं, असं त्यांच्या कानावर गेलं तर? ती येईल परत? माझी पोरं येतील?”

“साहेब, एका पोराची सुपारी थांबलीया.”

“मला वाईट वाटत नाही का?” साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पण आण घेतलीय तुम्ही.”

“घेतलीया,” आण्णा म्हणाले आणि बाहेर आले. माझ्या हातातला कागद बघून म्हणाले, “सही नंतर घे. आत्ता तो माणूस सहीसुदिक चुकंल.” म्हणजे मला माहीत आहे, हे त्यांना माहीत होतं.

तिथून ते कोअर शॉपात. रुद्राप्पा गाभे हातानं घासत होता.

“रुद्राप्पा, तू तरी सांग रं लोकास्नी. धैर्या न्हाय म्हणून.”

“सांगितलो की,” रुद्राप्पा मान वर न करता म्हणाला. “कालपास्नं त्येच सांगायलोय. धैर्या न्हाय, धैर्या न्हाय. तर म्हणत्यात, बघा, रुद्राप्पा किती मोठ्या मनाचा! अजून झाकतोय.”

आण्णा बसलेच तिथं. वाळूच्या घमेल्यावर.

“आणि दुसरं आयका, आण्णा. पिशवी घेऊन गेटातनं आत येतोय तर सगळी माझी पिशवीच बघत्यात. किती डबं हायत, कुणाकडं जात्यात. गंगव्वा म्हणती, चोरी करायला जावं तसा डबा न्यावा लागतोय. म्हणून मी आज एकच आणलाय.” गाभा उजेडात धरून त्यानं चीर बघितली. “तो माणूस आज उपाशी हाय.”

एवढं बोलून तो परत घासायला लागला. दोष दिल्यासारखं काहीच नव्हतं त्याच्या बोलण्यात. दिला असता तर आण्णांना बरं वाटलं असतं.

गुरुवारी जोतीराम. आण्णांनी त्याला कँटीनमध्ये गाठलं. आजूबाजूच्या टेबलांवर एकदम शांतता पसरली, म्हणून दोघं उठून बाहेर नळाजवळ गेले. मीही हात धुवायला गेलो. हात स्वच्छच होते, पण धुतले.

“जोतीराम, त्यो धैर्या न्हाय. आण घेऊन सांगतो.”

“मग कोण?”

आण्णांनी टोपी सारखी केली.

“नाव सांगा. आत्ता दाजीस्नी फोन लावतो, रविवारी सुपारी फोडू.”

“त्येच सांगता येत न्हाय बाबा.”

जोतीरामानं नळ बंद केला. हा माणूस भांडकुदळ नाही. मशीनवर अर्धा केस इकडेतिकडे होऊ देत नाही आणि बोलण्यातही नाही. तो हळू आवाजात म्हणाला, “आण्णा, माझी थोरली बहीण अशाच एका शब्दावर दिली. ‘चांगली माणसं हायत, मी सांगतोय न्हवं,’ असं म्हणणारा एक मोठा माणूस हुता. त्यो मरून गेला. ती अजून रोज सासूच्या शिव्या खातीया. ही धाकटीची एकुलती एक पोरगी. आता तुमच्या आणेवर देऊ व्हय?”

जन्मभर माइकवर बोललेला माणूस नळाजवळ उभा राहून नुसता गळणाऱ्या थेंबांकडे बघत होता. जोतीराम निघाला. चार पावलं गेल्यावर आण्णा मागून म्हणाले, “मग माझं ऐकू नगंस.”

तो थांबला.

“माझं ऐकू नगंस, कुणाचंच ऐकू नगंस. चल, जेवायला जाऊ. न कळवता. धैर्याच्या घरी. चूल पेटती का न्हाय, तुझ्या डोळ्यानं बघ.”

“आणि न्हाय पेटली तर?”

“न्हाय पेटली तर,” आण्णा म्हणाले, “सोमवारपास्नं माइकवर दुसरा माणूस बघा म्हणून मी मॅडमला सांगतो.”

सोमवारी सुट्टी असते, हे त्या क्षणी दोघांनाही आठवलं नाही. मला आठवलं, पण ती वेळ नव्हती.

शुक्रवारी दुपारी गेटपास काढून आम्ही निघालो. जोतीराम त्याच्या गाडीवर, आण्णा माझ्यामागे. आण्णांना गाडी येत नाही. धैर्यशील आत साचे भरत होता, त्याला पत्ता नव्हता. वाटेभर आण्णा माझ्या खांद्याला धरून होते आणि खड्डा नसतानाही पकड घट्ट होत होती.

उचगावात घरासमोर गाड्या लावल्या. धैर्यशीलची आई चिमणाबाई गोठ्यातून बाहेर आली, कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात. आधी म्हणाली, “कोण पावणं?” आणि मग जोतीरामाला ओळखून दचकली. “अगं बाई, मामा! असं अचानक? सगळं बरं हाय न्हवं?”

“हिकडनं चाललो हुतो,” जोतीराम म्हणाला. हा माणूस खोटं बोलताना किती वाईट दिसतो, ते मी पहिल्यांदाच बघितलं.

“बसा, बसा. जेवूनच जायाचं.”

आम्ही बसलो. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघर सरळ दिसत होतं. जोतीरामानं पाणी पिता पिता तिकडे बघितलं, मी बघितलं, आण्णांनी बघितलं. शेगडी गार. ओटा पुसलेला, भांडी पालथी. घरात दुसरं माणूस नाही. आण्णांनी माइकवर सांगितलेलं घर हुबेहूब आमच्यासमोर मांडलेलं होतं. फक्त मांजर कमी होतं.

“सून दिसत न्हाय?” जोतीरामानं विचारलं.

“माहेराला गेलीया. आजऱ्याला.”

“कधी?”

“झालं की लई दिस.”

“येणार कधी?”

“येईल की. घाई काय हाय?” चिमणाबाई हात धुऊन पदराला पुसत होती. पुसता पुसता थांबली. तिनं आमच्या तिघांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं. “मामा, काय इचारायचं हाय ते सरळ इचारा.”

जोतीरामानं सरळ विचारलं. मंगळवार, माइक, माहेराला गेलेली बाई, सगळं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो. सांगून झालं तेव्हा गोठ्यातल्या म्हशीनं नाक फुरफुरवलं.

चिमणाबाई आण्णांकडे वळली. “तुमी सांगितलंसा? माझ्या घरात चूल पेटत न्हाय म्हणून?”

“वैनी, तुमच्या घरातलं न्हवं ते...”

“माझ्या पोराची सुपारी थांबलीया आणि मला आत्ता कळतंय?”

तिनं फळीवरचा मोबाईल घेतला. मला वाटलं, धैर्यशीलला लावणार आणि संपलं सगळं. चिडलेली आई, न कळवता आलेले पाहुणे, आणि वर त्या पोराचा राग. आण्णांचे ओठ हलत होते. बहुतेक जोतिबाला काहीतरी सांगत होते. पण तिनं फोन लावून, स्पीकर चालू करून, तो आमच्यासमोर जमिनीवर ठेवला, पिठाची परात ठेवावी तसा.

“काय करायलीस?” ती फोनवर ओरडली.

“काय करणार?” पलीकडून एक तरणा आवाज, तेवढाच मोठा. ही प्रियदर्शनी, थोरली सून. “तुमचं लाडू खायलोय. आत्ती, मेथी किती घातलीसा? आई म्हणती, ह्ये लाडू हायत का शिक्षा?”

“तुझ्या आईला म्हणावं, काजू घरचा हाय म्हणून सगळ्यात काजू कोंबायचा नसतोय! बाळंतिणीला मेथी लागती. गप खा!”

“खायलोय की. डोळं मिटून खायलोय.”

“पोरगं कसं हाय?”

“झोपलंय. तुमच्यागत घोरतंय.”

जोतीरामाच्या हातातला तांब्या अर्ध्यावरच थांबला होता.

“हितं पावणं आल्यात,” चिमणाबाई म्हणाली. “तू भांडून पळालीस का ते बघायला.”

ही पोरगी लाजली, गप्प बसली, किंवा नको त्या वेळी रडली असती तर आम्हाला पुढे काही कळलंच नसतं.

“पळालो?” प्रियदर्शनी म्हणाली. “पळालो असतो तर परवापास्नं भांडलो असतो का, रविवारी सुपारीला मला घेऊन जावा म्हणून? आत्ती, सांगा त्यास्नी, कोण कुणाला येऊ देत न्हाय ते!”

“यायचं न्हाय म्हटलं न्हवं! अंगावर पितं बाळ घेऊन आजऱ्यास्नं हितंवर? घाटातनं?”

“माझ्या धाकट्या दिराची सुपारी हाय. मी येणार.”

“न्हाय.”

“येणारच. भाड्याची गाडी करून येणार. काय करायचं ते करा.”

“ये, मग दार उघडतोय का बघ!”

दोघी अशा भांडल्या, की शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली, बघून परत गेली. तिच्या तोंडावर नवल नव्हतं. हे रोजचंच असावं. जोतीरामानं तांब्या खाली ठेवला. त्याची थोरली बहीण सासूसमोर किती वर्षं मोठ्यानं बोललेली नाही, ते तोच जाणे. तो उठून अंगणात गेला आणि त्यानं फोन लावला. आम्हाला एवढंच ऐकू आलं, “दाजी, रविवारचं करा. व्हय. मी बघितलं. न्हाय, ऐकलं म्हणा.”

आण्णांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

“जेवून जावा,” चिमणाबाई त्यांना म्हणाली आणि शेगडी पेटवली. “पण तुमच्यावर माझा राग हाय. त्यो लवकर जायाचा न्हाय.”

भाकरी गरम होती आणि आमटी तिखट होती. परत निघताना जोतीरामानं गाडीला किक मारली, आण्णांकडे बघितलं, आणि नाव मात्र विचारलं नाही.

शनिवारी धैर्यशील पुन्हा टाइम ऑफिसच्या दारात.

“आईनं सांगितलंय म्हणून बोलवायलोय. उद्या रजा टाकून सुपारीला या. माझा राग अजून हाय.”

“असू दे,” आण्णा म्हणाले. “हक्काचा हाय.”

“माइकवर सांगणार का न्हाय, त्यो मी न्हवं म्हणून?”

“न्हाय.”

“म्हंजे लोक मलाच त्यो समजणार.”

“व्हय. कवातर दुसरं काय मिळंल त्यास्नी, तवर समजणार.”

धैर्यशील दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. छाती खरंच दरवाजाएवढी आहे त्याची, त्यात आण्णांचं काही चुकलं नव्हतं. जायला वळला आणि थांबला. “रुद्राप्पा बुधवारपास्नं एकच डबा आणतोय.”

आण्णा हजेरीच्या यंत्रावरची धूळ पुसायला लागले.

“म्हंजे जो कोण हाय, त्यो उपाशी हाय व्हय?”

आण्णांनी नजर खिडकीबाहेर वळवली. धैर्यशील निघून गेला.

रविवारी सुपारी फुटली. प्रियदर्शनी आली, बाळ घेऊन, आणि चिमणाबाईनं दार उघडलं. साहेबांचे सासरे त्याआधी शुक्रवारीच आले, बोलले आणि अजून थोडा वेळ द्या म्हणून परत गेले. बायको परत आली की नाही, ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर आमच्यातले लोक तारखा जुळवून साहेबांना शोधून काढतील.

मंगळवारी सकाळी गेटवर नेहमीची गर्दी. रुद्राप्पा आला. खांद्याला पिशवी, पिशवी फुगलेली. आत दोन डबे, झाकणं एकमेकांवर वाजत होती. सगळ्यांच्या नजरा तिकडे. फेटलिंगचा, म्हणजे ओतीव माल घासणाऱ्या खात्यातला, एक जण म्हणाला, “काय रुद्राप्पा, दुसरा कुणाचा रं?”

रुद्राप्पा काही बोलायच्या आत मागच्या रांगेतून आवाज आला.

“माझा हाय,” धैर्यशील म्हणाला. “रोज येणार हाय. तुझं काय म्हणणं हाय?”

कुणाचं काही म्हणणं नव्हतं. जोतीराम त्याच रांगेत होता. त्यानं फक्त खाली बघून बुटाची नाडी बांधली, जी बांधलेलीच होती. लोकांचा रस संपला आणि पिशवी आत गेली. शनिवारी ‘परत दोन डबं आण’ म्हणून सांगतानाही धैर्यशीलनं रुद्राप्पाला विचारलं नव्हतं, कुणाकडे नेतोस.

आण्णांनी हे खिडकीतून बघितलं. शपथ झाली. मॅडमनी मान हलवून खूण केली. सगळी शेड कान टवकारून उभी होती. सांगायला इतकी चांगली गोष्ट आण्णांच्या हाताला आजवर लागली नव्हती, आणि ती या गर्दीत कुणालाही सांगता येत नव्हती. त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला, थोडा वेळ तसाच धरला. स्पीकरमधून त्यांच्या दम्याचा श्वास तेवढा सगळ्या कंपनीला ऐकू आला.

“आज गोष्ट न्हाय, मंडळी,” ते म्हणाले. “चला, कामाला लागा.”